सुट्ट्या सात, किलोमीटर एकशे पंधरा!

युरोप टूर म्हटलं की काय आठवतं? दहा दिवसांत सात देश, हातात झेंडा घेतलेला गाइड आणि 'चला चला, बस सुटतेय!' पण स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात एक शहर आहे, जिथे बसने गेलात तर निम्मी मजा गेलीच म्हणून समजा. त्याचं नाव सांतियागो दे कॉम्पोस्तेला.

येशूच्या बारा शिष्यांपैकी सेंट जेम्स यांची समाधी इथे आहे, अशी श्रद्धा. नवव्या शतकात ती सापडली असं मानतात आणि तेव्हापासून युरोपभरातून लोक इथे चालत येतात. थोडक्यात, तिकडची वारीच! या वाटेला म्हणतात 'कामिनो'. टाळ-मृदंग नाही, दिंडी नाही. पाठीवर सॅक, सॅकला लटकवलेला शिंपला आणि भेटेल त्याला 'बुएन कामिनो!' हा आपल्याकडच्या 'माउली'चा जवळचा नातेवाईक.

सगळी वाट चालायला महिनाभर लागतो. एवढी रजा कोण देणार? पण काळजी नको. किमान १०० किलोमीटर चाललात की 'कॉम्पोस्तेला' हे लॅटिन प्रमाणपत्र मिळतं. म्हणून बहुतेक नोकरदार सारिया गावातून निघतात. तिथून सुमारे ११५ किलोमीटर, पाच दिवस. वाटेतल्या कॅफेत, चर्चमध्ये, मुक्कामी यात्रेकरूच्या पासबुकावर दिवसाला किमान दोन शिक्के घ्यायचे.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. पालास दे रेई ते आर्सुआ, जवळजवळ २९ किलोमीटर. मेलिदे गावात मी बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांवर फोड. समोर कॅफेच्या भिंतीवर टॅक्सीचा नंबर. शिक्के तर कुठेही मिळतात, आणि विचारणारं कुणी नाही! मोबाइल हातात घेतला. मग वाटलं, ऑफिसात टार्गेटचे आकडे फिरवतोच की आपण. इथेही तेच करायचं? फोडांवर पट्ट्या चिकटवल्या आणि उठलो. आर्सुआला पोचायला संध्याकाळ झाली. पण ते किलोमीटर माझे होते.

पाचव्या दिवशी ओब्रादोइरो चौकात पोचलात की समोर कॅथिड्रल. बांधकाम १०७५ मध्ये सुरू झालं. दर्शनी बाजू मात्र अठराव्या शतकातली. आत मास्टर मातेओचा 'पोर्तिको दे ला ग्लोरिया' चुकवू नका. त्याच्या दगडी तुळईवर ११८८ हे साल कोरलंय. आणि बोताफुमेइरो! पन्नासेक किलोचं धुपाटणं, आठ माणसं दोरीने ओढून छतापर्यंत झुलवतात. ते रोज नसतं, मुख्यतः ठरावीक सणांना. दिसलं तर नशीब.

पण खरं दृश्य बाहेर चौकात असतं. अनोळखी माणसं सॅकवर डोकं ठेवून आडवी पडलेली असतात. कुणी रडतंय, कुणी आईला फोन लावतंय. श्रद्धा असो-नसो, डोळे भरतातच. पंढरपुरात कळस दिसल्यावर वारकऱ्याचं काय होत असेल, ते मला स्पेनमध्ये कळलं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आपल्या दारातून जातात, आणि आपण ट्रॅफिक जॅमला शिव्या घालतो!

जाण्याआधी...

- माद्रिदहून रेल्वेने सांतियागो, तिथून लुगोमार्गे बसने सारिया. शेंगेन व्हिसा वेळेत काढा.
- मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. पण गॅलिसियात पाऊस कधीही, रेनकोट हवाच.
- नवे बूट घालून जाऊ नका! निघण्याआधी दोन महिने वीकेंडला सिंहगड करा.
- सॅक सात किलोच्या आत. कॅथिड्रलमध्ये सॅक नेता येत नाही.
- शाकाहारींसाठी तळलेल्या पाद्रोन मिरच्या झकास. बहुतेक गोड, एखादीच तिखट निघते. अंडं चालत असेल तर बदामाचा सांतियागो केक खाच.
- २५ जुलै रविवारी आला की ते पवित्र वर्ष. पुढचं २०२७ मध्ये. गर्दी प्रचंड, म्हणून मुक्काम आधीच बुक करा.

रजेचा अर्ज कधी टाकताय? बुएन कामिनो!