परदेशीं मोटारसायकल चोरीस गेली तर

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी मधल्या सुटींत काय बोलतात तें शिक्षकांनीं ऐकूं नये असें म्हणतात; परंतु कानांवर पडलेलें परत कसें टाकावें? ह्या वर्षीं त्यांच्या बोलण्यांत मोटारसायकलीवरून नेपाळ, भूतान व त्याहूनहि दूरचे देश पाहण्याच्या बेतांचा भरणा आम्हांस फार आढळला. बेत चांगले आहेत. त्यांत मोडता घालण्याची आमची इच्छा नाहीं. मात्र गाडीचें इंजिन, तिचा वेग व तिची किंमत ह्यांविषयीं तासन् तास बोलणाऱ्या ह्या मंडळींस आम्हीं एकदां विचारलें कीं, "परमुलखांत सकाळीं उठून पाहतां गाडी जागेवर नसली, तर तुम्ही काय कराल?" एकानें "पोलिसांकडे जाऊं" असें सांगितलें व बाकीचे गप्प राहिले. उत्तर चुकीचें नाहीं, पण तें फार तर एक-तृतीयांश उत्तर आहे. उरलेल्या भागाकरितां हा लेख लिहिला आहे. तो पालकांनींहि वाचावा, कारण अशा प्रसंगीं पहिला टेलिफोन बहुधा घरींच येतो.

प्रश्न काल्पनिक नव्हे. सन २०२५ च्या मे महिन्यांत मुंबईचा एक मराठी तरुण मोटारसायकलीवरून जगाच्या प्रवासास निघाला. सतरा देश व सुमारें चोवीस हजार किलोमीटर अंतर मागें टाकून तो इंग्लंडांत पोंचला; पुढें आफ्रिकेंत उतरण्याचा त्याचा बेत होता. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅम शहरांतील एका उद्यानांत गाडी उभी करून तो न्याहारीस गेला. तेवढ्या अवकाशांत चोरांनीं कुलूप फोडून गाडी पळविली. गाडीवर बांधलेल्या सामानांत त्याचा पासपोर्ट, पैसे व संगणक होता; तोहि सर्व ऐवज गेला. आमचे मतें ह्या हकीकतींतील अत्यंत दुःखाची गोष्ट गाडी जाणें ही नसून, गाडी व माणसाचीं कागदपत्रें एकाच वेळीं जाणें ही आहे. गाडी गेलेला मनुष्य पायीं चालतो. कागद गेलेल्या मनुष्यास आपण कोण आहों हेंच प्रथम सिद्ध करावें लागतें. त्या तरुणास कोणी दोष देऊं नये. दूरच्या प्रवासांत गाडी हेंच घर होतें, आणि घरांत मनुष्य सर्व कांहीं ठेवतोच.

चोर काय करतो हें ठाऊक असलें म्हणजे कुलपावर किती विसंबावें हें कळतें. गाडीच्या हँडलाचें कुलूप जोरानें हिसडा दिल्यास तुटतें. दीडशे-पावणेदोनशे किलो वजनाची गाडी दोघे-तिघे उचलून बंद टेम्पोंत घालतात. तेव्हां इंजिन सुरूं करण्याचीहि गरज पडत नाहीं. म्हणून नुसतें चाक अडवून भागत नाहीं, गाडी एखाद्या अचल वस्तूस बांधली पाहिजे. लंडनसारख्या शहरांत मोटारसायकलींच्या कित्येक थांब्यांवर ह्याच कामासाठीं लोखंडी दांडे बसविलेले असतात. सांखळी जमिनीवर लोळूं देऊं नये, कारण खालीं दगडी फरसबंदी असली म्हणजे तीच चोराची ऐरण होते व हातोड्याचे घाव नेमके बसतात. सांखळी उंच व ताणून बांधावी. ब्रेकच्या चकतीस लावण्याचें लहान कुलूपहि उपयोगी आहे; मात्र तें लावल्याचें विसरून गाडी पुढें दामटणारे महाभाग कमी नाहींत, आणि त्यांची फजिती चोरावांचूनच होते. बॅटरीवर चालणाऱ्या कापणीच्या यंत्रापुढें कोणतेंहि कुलूप फार काळ टिकत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. कुलूप चोरास वेळ लावतें व आवाज करावयास लावतें, एवढाच त्याचा गुण.

कित्येक चोर गाडी नेल्याबरोबर विकीत नाहींत. तीं एखाद्या गल्लींत कांहीं दिवस उभी करून, तिच्या मागावर कोणी येतो काय हें दुरून पाहतात. ह्यासाठीं गाडींत दडविलेलें, ठावठिकाणा कळविणारें लहानसें यंत्र फार मोलाचें ठरतें. मात्र त्यानें दाखविलेल्या जागीं स्वतः एकट्यानें धांवून जाऊं नये. ती खूण पोलिसांच्या हातीं द्यावी.

आतां पोलीस. इंग्लंडांत गुन्हा घडत असतांना ९९९ व घडून गेल्यावर १०१ हे क्रमांक आहेत. युरोपच्या बहुतेक देशांत ११२, आणि थायलंडांत प्रवाशांकरितां असलेल्या पोलिसांचा ११५५. फिर्याद तोंडी देऊन परतूं नये. तिची शिक्क्याची प्रत किंवा निदान नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा. स्पेनमध्यें ह्या कागदास 'देनुन्थिया' व इटलींत 'देनुन्चा' म्हणतात. शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत, आणि त्यांपैकीं एक येत असला तर दुसऱ्या देशांतहि निभावून जातें. पोलीस प्रथम विचारतात तो गाडीच्या चासीवर कोरलेला सतरा अक्षरांकांचा क्रमांक. इंग्रजी आय, ओ व क्यू हीं तीन अक्षरें त्यांत मुद्दाम वापरीत नाहींत, कारण तीं एक व शून्य ह्या आंकड्यांसारखीं दिसतात. नंबरपाटी चोर पांच मिनिटांत बदलतो, हा क्रमांक बदलणें कठीण. तो क्रमांक दिला तरच इंटरपोलच्या चोरीच्या वाहनांच्या नोंदींत गाडी नोंदविणें त्या देशाच्या पोलिसांस शक्य होतें. खाजगी मनुष्यास ती नोंद करतां येत नाहीं.

येथवर बहुतेकांची कल्पना पोंचते. ह्यापुढील गोष्ट मात्र आम्हीं ज्यांस ज्यांस विचारली त्यांस ठाऊक नव्हती.

परक्या देशांत आपली गाडी शिरते ती एका वचनावर: 'ही येथें विकणार नाहीं, मुदतींत परत नेईन.' ह्या वचनामुळेंच सरहद्दीवर जकात भरावी लागत नाहीं. इराण, इजिप्त यांसारखे देश त्या वचनास जामीन मागतात. तो जामीन म्हणजे 'कार्ने द पासाज' नांवाचें पुस्तक. मुंबईंत १९१९ सालीं स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था अनामत किंवा बँकेची हमी घेऊन तें देते, आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी आंत येतांना एक भाग तेथील जकात-अधिकारी फाडून घेतो, बाहेर जातांना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के बसून तो पुस्तकांतच राहतो. बाहेर गेल्याचा शिक्का नसला म्हणजे गाडी त्या देशांतच राहिली असें धरून जकात संस्थेकडून, आणि संस्थेमार्फत आपल्या अनामतींतून, मागितली जाते. चोरीस गेलेल्या गाडीवर हा शिक्का कोठून बसणार? मनुष्य गाडीस मुकतो तो मुकतोच, वर तिची जकात! चोरी झाली म्हणून जकात आपोआप माफ होते असें नाहीं; तो निर्णय त्या देशाच्या अधिकाऱ्यांचा असतो, आणि त्यांच्यापुढें ठेवण्यास पोलिसांच्या कागदावांचून आपणांजवळ दुसरें कांहीं नसतें. म्हणून देश सोडण्यापूर्वींच तेथील जकात-कचेरीस व पुस्तक देणाऱ्या संस्थेस लेखी कळवावें. घरीं येऊन मग पाहूं, असें म्हणणारा फसतो.

जवळच्या नेपाळांतहि हेंच तत्त्व आहे. तेथें भारतीय गाडीस कार्ने लागत नाहीं. सरहद्दीवरील 'भन्सार' कचेरींत दिवसांच्या हिशेबानें पैसे भरून परवाना मिळतो, आणि वर्षांतून तीस दिवसांपलीकडे गाडी ठेवतां येत नाहीं. गाडी गेल्यास पोलिसांचा कागद घेऊन त्या कचेरीसहि कळविलें पाहिजे. ब्रिटन व युरोपीय संघाचे देश पुस्तक मागत नाहींत, तरी मुदतीचें बंधन तेथेंहि आहेच.

विम्याविषयीं थोडक्यांत सांगतों. भारतांत घेतलेला वाहनविमा भारताच्या हद्दीपुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान व मालदीव ह्या देशांपर्यंत वाढवितां येतो. त्यापलीकडे सरहद्दीवर विकत मिळणारा विमा बहुधा दुसऱ्यास झालेल्या इजेपुरता असतो, चोरीपुरता नव्हे.

पासपोर्टहि गेला असल्यास आपल्या देशाच्या वकिलातींत जावें; तेथेंहि पोलिसांचा कागद प्रथम मागतात. लौकर परत यावयाचें असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतें, पण तें केवळ भारतांत परतण्यापुरतें. पुढचा प्रवास चालूं ठेवावयाचा असेल तर नवा पासपोर्ट घेऊन एकेका देशाचा व्हिसा पुन्हां मिळवावा लागतो. ह्याकरितां पासपोर्ट, कार्ने व गाडीची दुसरी किल्ली अंगावरच्या पिशवींत असावी, आणि सर्व कागदांचीं छायाचित्रें घरीं आईबापांपाशीं असावींत. पालकहो, हें काम मुलांनीं विसरलें तरी आपण विसरूं नये. आग्नेय आशियांत भाड्यानें स्कूटर देणारे कित्येक दुकानदार पासपोर्ट तारण म्हणून मागतात. तो न देतां रोख अनामत द्यावी, कारण ती स्कूटर चोरीस गेली म्हणजे किंमतीचा वाद आणि पासपोर्ट हीं दोन्ही एकाच माणसाच्या हातीं राहतात.

नॉटिंगहॅमच्या त्या तरुणास पुढें इंग्लंडांतीलच एका मोटारसायकल-विक्रेत्यानें तशीच दुसरी गाडी दिली. पण असा दाता प्रत्येकास भेटेल असें धरून चालतां येत नाहीं. आणि चोरीस गेलेली गाडी कांहीं महिन्यांनीं सांपडली तर? तेव्हां ती मालकाची आहे हें पुन्हां दाखवावें लागतें, आणि विमा कंपनीनें भरपाई दिली असल्यास बहुधा ती कंपनीचीच झालेली असते. शिवाय परत आणतांना जकात-कचेरीशीं गांठ आहेच. म्हणून गाडी गेली तरी तिच्या नोंदणीचें मूळ पुस्तक व पोलिसांचा कागद फेंकूं नये, आणि आपल्या गांवच्या आर. टी. ओ. कचेरींतहि चोरीची वर्दी देऊन तिची पोंच जपून ठेवावी.