पाणी आत येणारच, त्याला बाहेरची वाट द्या

जुलै सुरू झाला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडीचं दार उघडताच कुबट वास येतो, पायाखालचं मॅटिंग ओलसर लागतं, सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असतात आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर करडे-हिरवट ठिपके उमटलेले असतात. गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल तर मालक आधी आरशाला सुगंधी बाटली टांगतो. वास हटत नाही तेव्हा सिलिकॉनची ट्यूब आणून दिसेल त्या फटीत भरतो. पुढची सर आली की पाणी पुन्हा तिथेच.

हे उपाय फसतात, कारण त्यामागची समजूत चुकीची असते. गाडी पाणबंद डब्यासारखी बनवलेली असते आणि जुनी झाल्यावर तिला कुठेतरी भोक पडतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाडी कौलारू घरासारखी असते. कौलांच्या फटी कोणी लिंपत नाही. पाणी पन्हाळीपर्यंत नेलं की झालं. गाडीच्या पत्र्यातही पाणी कुठून शिरेल आणि कुठून निघेल याच्या वाटा मुद्दाम ठेवलेल्या असतात. जुन्या गाडीत पाणी साचतं ते बहुतेक वेळा नवं भोक पडल्यामुळे नाही, तर जुनं भोक बुजल्यामुळे.

दार हे याचं उत्तम उदाहरण. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरची रबरी पट्टी पूर्णपणे अडवू शकत नाही. ते दाराच्या पोकळीत उतरतं, तळाशी ठेवलेल्या लांबट भोकांतून रस्त्यावर पडतं. पोकळीतलं पाणी केबिनकडे वळू नये म्हणून आतल्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक पातळ कागद काळ्या चिकट ब्यूटाइलच्या पट्टीने बसवलेला असतो. स्पीकर बसवणारा किंवा पॉवर विंडोची मोटर बदलणारा घाईत तो कागद टरकावतो आणि तसाच सोडून वर पॅड लावतो. मग दाराआडून पाणी थेट मॅटिंगवर उतरतं. दुरुस्ती सोपी आहे: पॅड काढायचं, फाटका कागद बदलायचा, कडा पुन्हा नीट चिकटवायच्या आणि तळाची भोकं जाड सुतळीने किंवा बोथट तारेने मोकळी करायची. ही भोकं सिलिकॉनने बुजवणं म्हणजे दारात पाणी भरून ठेवणं. दाराचा पत्रा खालून सडतो तो असाच.

दुसरी मोठी जागा समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीआड असते. काचेवरचं सगळं पाणी त्या जाळीतून एका पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांना असलेल्या भोकांतून चाकांमागे निघून जातं. ब्लोअरला बाहेरची हवाही इथूनच मिळते. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर त्याची सेंटिमीटरभर लांबीची पानं उन्हाळाभर या जाळीतून आत पडत राहतात. जूनमधली पहिली जोराची सर ती पानं वाहून नेऊन भोकाशी दाबून बसवते. पन्हाळ भरते, पाणी हवेच्या तोंडातून ब्लोअरमध्ये उतरतं आणि डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायांशी थेंब पडू लागतात. काच गळते आहे, असं समजून लोक काचेची बीडिंग बदलून घेतात आणि पानं जिथल्या तिथे राहतात.

तिसरी वाट पावसाची नाहीच. एसीच्या थंड कॉइलवर दमट हवेतलं पाणी सुटतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत हे प्रमाण तासाला लिटरच्या घरात जाऊ शकतं. एक बारीक रबरी नळी हे पाणी गाडीखाली सोडते. तिच्यात धूळ आणि चिकट गाळ साचला की पाणी उलटून पायाशी येतं. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर मॅटिंग ओलं होत असेल, आणि दहा-पंधरा मिनिटं एसी चालूनही गाडीखाली थेंब पडत नसेल, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. ओल बोटाला बुळबुळीत लागली, गोडसर वास आला आणि काचेवर तेलकट थर धरू लागला, तर ते पाणी नसून इंजिनचं कूलंट आहे. म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर फुटला. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, म्हणून मुलांना आणि पाळीव प्राण्यांना गाडीपासून दूर ठेवून ती थेट मेकॅनिककडे न्यावी.

खऱ्या अर्थाने गळणाऱ्या जागाही असतात. छताच्या दोन पत्र्यांच्या सांध्यातला सीलंट तडकतो. मागच्या दिव्यांचं रबर कडक होऊन डिकीत पाणी उतरतं. अँटेनाच्या बुडाशी आणि फरशीच्या पत्र्यातल्या रबरी बुचांशी फटी पडतात. दारांची रबरं ऊन आणि हवेतला ओझोन यांनी ताठरतात, वर्षानुवर्षं दाबली जाऊन चपटी होतात. ही तपासायला कागदी नोट पुरते: दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज सुटून आली तर तिथलं रबर पकड सोडून बसलं आहे. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात समोरची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असे. पुढे काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने थेट पत्र्याला चिकटवली जाऊ लागली. अशा काचेच्या कडेला गंज धरला असेल तर वरून सिलिकॉन फासून काही साधत नाही. काच काढून, गंज घासून, पुन्हा चिकटवावी लागते. भरताना व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर सुकताना ऍसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला आणखी गंजवतं.

गळतीची जागा शोधणं अवघड जातं ते पाण्याच्या स्वभावामुळे. पाण्याचे रेणू एकमेकांना आणि पृष्ठभागाला धरून राहतात. स्वच्छ काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट असेल तर पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १५ सेंटिमीटर वर चढतं. पत्र्यांच्या सांध्यांत नेमक्या अशाच फटी असतात. शिरलेलं पाणी मग वायरिंगच्या जुडग्यावरून, छताच्या अस्तराआडून सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. मागच्या सीटखाली साचलेलं पाणी पुढच्या काचेतून आलेलं असू शकतं, कारण गाडी चढावर उभी राहिली की फरशीवरचं पाणी मागे वाहतं.

म्हणून तपासणी दोघांनी करावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, पॅड आणि मॅटिंग आधी काढून ठेवायचं. दुसऱ्याने साध्या पाइपने, जोर न लावता, खालून सुरुवात करून एकेका भागावर काही मिनिटं पाणी सोडायचं आणि मगच वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. सर्व्हिस सेंटरमधला प्रेशर पंप इथे दिशाभूल करतो. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. संशयाच्या जागी आतून टिश्यू पेपर लावून ठेवले की पहिला ओला होणारा कागद वाट दाखवतो.

वाट सापडली, बंद झाली. आता आत राहिलेलं पाणी. इथे बहुतेक जण थकतात आणि इथेच बुरशी जिंकते. मॅटिंगखाली ताग किंवा फोमचा जाड फेल्ट असतो. तो लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचं मॅटिंग हाताला कोरडं लागतं. हल्ली त्यावर रेक्झिनसारखं सेव्हन-डी मॅटिंग घालतात. माझ्या मते ओल येणाऱ्या जुन्या गाडीवर यापेक्षा मोठा अन्याय नाही, कारण खालची ओल वर यायची वाटच ते बंद करतं.

थोडा हिशेब करू. छोट्या गाडीच्या केबिनमध्ये साधारण ३ घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातले साडेपंचवीस ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरली जागा साडेचार ग्रॅमची, म्हणजे अख्ख्या केबिनमध्ये १३-१४ ग्रॅम. फेल्टमधलं एक लिटर पाणी काढायला केबिनमधली हवा सत्तरहून अधिक वेळा बदलावी लागेल, तीही दर वेळी पूर्ण भरून निघाली तर. खिडकी बोटभर उघडी ठेवून जुलैत गाडी सुकत नाही, त्यामागे एवढं साधं गणित आहे. सिलिका जेलच्या पुड्या स्वतःच्या वजनाच्या फार तर एक तृतीयांशाच्या आसपास पाणी शोषतात. एका लिटरला तीनेक किलो लागेल.

उन्हात बंद ठेवूनही गाडी सुकत नाही. ५० अंशांना हवा घनमीटरमागे ८० ग्रॅमहून अधिक वाफ धरते, त्यामुळे दुपारी फेल्टमधलं पाणी वर येतं खरं. पण दारं बंदच राहिली तर रात्री गारवा येताच तीच वाफ काचेवर आणि छताच्या अस्तरावर दव होऊन बसते. उघडीप मिळाली तर गाडी आधी तापू द्यावी आणि ऐन दुपारीच चारही दारं उघडून ती दमट हवा घालवावी. पुन्हा बंद, पुन्हा उघडी.

पावसात मात्र एसीसारखं साधन नाही. कॉइलवरून जाताना हवा दहा अंशांच्या आसपास गार होते, तेव्हा तिच्यात घनमीटरमागे फक्त नऊ-साडेनऊ ग्रॅम वाफ उरते. हीटर थोडा उघडून तीच हवा ३० अंशांपर्यंत कोमट केली की तिची सापेक्ष आर्द्रता तीसएक टक्क्यांवर येते. अशी हवा ओलीला खरोखर शोषते. काचा बंद, हवा आतल्या आत फिरती, एसी आणि थोडा हीटर एकत्र: लांबच्या प्रवासात हे सहज जमतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. उतरण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालवला तर कॉइलही सुकते आणि तिच्यावरचा कुबटपणा कमी होतो.

फेल्ट पूर्ण भिजला असेल तर या सगळ्यापेक्षा सीट काढून मॅटिंग उचलणं बरं. सीटमध्ये एअरबॅग असेल किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर आधी बॅटरी सोडवावी आणि हे काम जाणकारावर सोपवावं. फेल्टला बुरशी धरली असेल तर तो फेकून द्यावा. कुशनवाल्याकडे नवा कापून मिळतो आणि जुना धुऊन वापरण्यात खर्च वाचत असला तरी आजार वाचत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. काही मायक्रॉनचे हे कण कोणत्याच गाडीतून कायमचे हटवता येत नाहीत. त्यांना हवं असतं ते पाणी. खाणं तर आपणच पुरवतो: घामाचा थर, त्वचेचे कण, चिवड्याचा चुरा, तागाचा धागा. पावसाळ्यात पायाखाली घातलेलं वर्तमानपत्रही सेल्युलोजच असतं. ते ओल शोषतं हे खरं, पण त्याच दिवशी बाहेर काढलं नाही तर बुरशीचं अन्न होतं. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली तर सहसा बुरशी धरत नाही.

साफ करताना दारं उघडी ठेवून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून, सुकवून, मग कठीण भागांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावं. ते पेट घेतं, तेव्हा जवळ आग नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून फक्त सौम्य साबणाने धुवावा. ब्लीचने त्याचे धागे कमजोर होतात आणि अपघाताच्या वेळी त्याच धाग्यांवर जीव तोललेला असतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ऍसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत तो प्राणघातक ठरू शकतो. डांबरगोळ्या टाकून वास दाबणंही टाळावं. तापलेल्या गाडीत त्यांची वाफ दाट होते आणि तान्ह्या मुलांना ती घातक ठरू शकते.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला, त्यामुळे काळे ठिपके पाहून लोक घाबरतात. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडच्या वापराशी जोडलेला होता. गाडीतले काळे डाग बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ऍस्परजिलसचे असतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास शिंका, खोकला, डोळे चुरचुरणं इथपर्यंतच राहतो. पण दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना अशा गाडीत बसवू नये आणि तिची सफाईही त्यांच्याकडून करवून घेऊ नये. मेलेले बीजाणूही ऍलर्जी जागवतात, म्हणून फवारा मारून थांबणं पुरेसं नाही. डाग पुसून काढावाच लागतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नव्याने होते. त्या वेळी फरशीचा पत्रा मजबूत निघायचा असेल तर आजच गाडीशी वाका. वायपरखालची जाळी उघडून पानं काढा, चारही दारांच्या तळाची भोकं मोकळी करा, एसी लावून गाडीखाली थेंब पडतो का ते पाहा आणि पायाखालचं मॅटिंग उचलून खालच्या फेल्टवर हात दाबा. हाताला ओल लागली तर पाऊस थांबायची वाट पाहू नका.