उंदरिणीच्या दुधातला चोरटा पाहुणा

कुंभकोणमला लागून साक्कोट्टै म्हणून एक गाव आहे, आणि तिथल्या महादेवाचं नाव अमृतकलशनाथ. व्यंकोजीराजांच्या मागोमाग त्या मुलखात गेलेली मराठी घरं तंजावर-कुंभकोणमकडे आजही नांदताहेत, तेव्हा तो देव आपल्यालाही काही परका नाही. प्रलयाच्या पाण्यात वाहत आलेला अमृताचा कुंभ शंकराने बाण मारून फोडला नि त्या भुईवर अमृत सांडलं, अशी तिकडची कथा. आता अमृत म्हटलं की आपल्याला आईचं दूधच आठवणार. पण आज जी नवलाची गोष्ट सांगायची आहे ती अशी, की उंदरांच्या एका कुळात या अमृतातूनच कुणीतरी चोरपावलांनी पिल्लाच्या पोटात शिरत होतं, आणि ते कोण हे कळायला माणसांना पुष्कळ वर्षं लागली. बसा निवांत, घाई नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका बेटावर बार हार्बर गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची कुळं पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेली असत. एका कुळातल्या बहुतेक माद्यांना म्हातारपणी स्तनाची गाठ व्हायची, दुसऱ्यात क्वचितच. दोन्हींची सोयरीक लावून पाहिली तर गंमत झाली: आई गाठीवाल्या कुळातली असेल तर लेकींना गाठी, आणि बाप त्या कुळातला पण आई निरोगी असेल तर लेकी बहुधा खुशाल. रक्ताचा वारसा म्हणावा तर तो आई-बाप दोघांकडून यायला हवा, मग ही एकट्या आईची देणगी कुठली? जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने साधीच युक्ती केली. पिल्लं जन्मताच आईपासून उचलली आणि निरोगी कुळातल्या दाई-उंदरिणीच्या कुशीत ठेवली. त्या पिल्लांना मोठेपणी गाठी फारच थोड्या झाल्या. 1936 साली त्याने हे छापलं. दुधातून काहीतरी येतंय एवढंच तेव्हा कळलं, म्हणून लोक त्याला नुसतं ‘दुधातला घटक’ म्हणत. पुढे तो विषाणू निघाला.

आणि काय त्याची वाट, बघा तरी! पिल्लाच्या आतड्यात उतरायचं, तिथे पहाऱ्यावर असलेल्या पांढऱ्या पेशींतच घुसायचं, वर आणखी पहारेकरी गोळा होतील अशी आरोळी त्यांच्याकडूनच ठोकवायची, म्हणजे वाढायला घरं वाढली. मग त्यांच्याच पाठीवर बसून रक्तातून स्तनापर्यंत जायचं आणि तिथे गप्प पडून राहायचं. उंदरीण गाभण झाली, अंगात दूध येण्याची संप्रेरकं खेळू लागली, की त्याच संप्रेरकांच्या हाकेने हा जागा होतो, वाढतो, आणि नव्या दुधात मिसळून पुढच्या पिढीच्या पोटात जातो. आईपणाचीच वेळ साधणारा असा पाहुणा दुसरा पाहिला नाही.

गाठ मात्र तो मुद्दाम करत नाही. तो आपलं बाड पेशीच्या गुणसूत्रात जिथे जागा मिळेल तिथे घुसवतो, आणि कधी एखाद्या वाढीच्या जनुकाशेजारी बसला तर पाटाच्या दारात दगड अडकून रात्रभर पाणी वाहत राहावं तसं ते जनुक बंदच होत नाही. रोएल नुसे आणि हॅरल्ड वारमस यांनी 1982 साली असं एक जनुक हुडकलं, आणि पुढे पाच वर्षांनी दिसलं की फळमाशीला पंख फुटायला लागतं ते जनुक आणि हे एकच! माशीचा पंख आणि उंदराची गाठ एकाच धाग्याची, सृष्टी अशी काटकसरी.

आता आपल्या घरची माणसं. पुण्यात 1917 साली समर्थांच्या घरी कमल जन्मली. हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये, जिथे वडील जीवशास्त्र शिकवायचे. शेतकी कॉलेजात तिने एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं तपासली. लग्न गणितातल्या जयसिंगराव रणदिव्यांशी झालं, म्हणून मुंबई, आणि मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांची प्रयोगशाळा. तिथे कमलाबाईंनी उंदरांची चार कुळं शेजारी मांडली, गाठी होणारी आणि न होणारी, आणि त्यांच्या निरोगी स्तनांतलाच फरक सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिला. 1949 साली त्या डॉक्टरेट झाल्या. संप्रेरकं, विषाणू आणि कुळाचा वारसा हे तिघं मिळून गाठ घडवतात, ही गुंतागुंत त्यांनी वर्षानुवर्षं उलगडली. 1982 साली पद्मभूषण मिळालं.

पुढे त्याच परळात प्रश्न आला, की बाईच्या दुधातही असं काही असेल का? मुंबईतल्या पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसत होता. म्हणून डॉ. सत्यवती सिरसाट, डॉ. पेमास्टर आणि वैद्य यांनी अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या चमूबरोबर त्यांचं दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. उंदराच्या विषाणूसारखे कण दिसले, इतरांपेक्षा पारशी बायकांत जास्त वेळा, आणि 1971 साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. जगभर खळबळ उडाली. पण दिसणं वेगळं आणि दोषी ठरणं वेगळं; कण दिसलेल्या बायकांनाच पुढे रोग होतो, असं काही सिद्ध झालं नाही.

शोध तिथे थांबला नाही. 1995 साली न्यूयॉर्कच्या बियाट्रिझ पोगो यांच्या चमूला स्त्रियांच्या काही गाठींत त्या विषाणूच्या जनुकासारखे तुकडे सापडले. दुसऱ्या काहींनी शोधले तर सापडले नाहीत, आणि प्रयोगशाळेतल्या उंदराचं बारीकसं डीएनए मिसळलं तरी फसगत होते. गुरांना ल्युकेमिया करणारा विषाणू, पॅपिलोमा विषाणू, एपस्टाइन-बार विषाणू यांच्यावरही संशय घेऊन झालाय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमाचा गुन्हा पुरता शाबीत झाला आणि त्याची लसही निघाली. स्तनाच्या बाबतीत मात्र आजवर एकाही विषाणूवर तसा गुन्हा शाबीत झालेला नाही.

म्हणून सुनांनो, लेकींनो, उंदरिणीची गोष्ट ऐकून बाळाला दूर करू नका. 30 देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. दर 12 महिने अंगावर पाजल्यामागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात निघालं. आणि टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर 20 वर्षं चालवलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तरी गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. विषाणूचा निकाल शास्त्रज्ञ लावतील तेव्हा लावतील. गाठ हाताला लागली तर लाजू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.