सुरू आणि बांबू : कागदाच्या दृष्टीने काष्ठपरीक्षा

वसई तालुक्यातील भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची जी बने आहेत, ती पाहून सामान्य प्रेक्षकास देवदाराच्या किंवा चिडाच्या जातीची आठवण होते. वृक्ष सरळ, शेंडा निमुळता, पाने सुईसारखी व फळे लहानशा शंकूसारखी. चिडाच्या लाकडातून लांब तंतूंचा उत्तम लगदा मिळतो, तेव्हा सुरूपासूनही तसाच मिळेल, असा तर्क या साम्यावरून सहज केला जातो. परंतु हा तर्क वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच कसोटीस उतरत नाही. सुरू, म्हणजे कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया, हा सपुष्प द्विदल वृक्ष आहे. ज्यांना आपण सुया समजतो त्या वस्तुतः हिरव्या डहाळ्या होत. खरी पाने त्यांच्या सांध्यांवर सूक्ष्म खवल्यांच्या रूपाने असतात. चिडाचे तंतू सुमारे ३ ते ४ मिलिमीटर लांब असतात. सुरूचे साधारणतः १ मिलिमीटरच्या आसपास. बाह्यरूपावरून कच्च्या मालाची योग्यता ठरविता येत नाही, ती मोजावी लागते, हा या विषयातील पहिला धडा होय.

प्रस्तुत लेखात लाकूड व बांबू यांची कागदाच्या दृष्टीने परीक्षा कशी करतात, कोणत्या मापाचा अर्थ काय, आणि त्या मापांची तुलना करताना कोठे फसगत होते, हे थोडक्यात सांगावयाचे आहे.

पूर्वपीठिका

बांबूपासून कागद करता येईल, हा विचार १८७५ साली टॉमस रूटलेज याने इंग्लंडमध्ये पुस्तिका काढून मांडला. भारतात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत झाला. तेथे विल्यम रेट याने बांबूचे पाचन दोन टप्प्यांत करण्याची रीत सुचविली : प्रथम सौम्य द्रावाने पिष्ट व पेक्टिन काढून टाकावे आणि नंतर तीव्र द्रावाने लिग्निन विरघळवावे. १९२५ साली बांबूच्या कागदधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. महाराष्ट्रात या उद्योगाचे नाव बल्लारपूरशी जोडलेले आहे. तेथील गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, हा तिच्या कच्च्या मालाचा मोठा आधार ठरला.

सुरूची भारतातील आरंभीची लागवड कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ च्या सुमारास जळणासाठी झाली. आज तमिळनाडू व आंध्रच्या किनारपट्टीवर तो कागदगिरण्यांसाठी शेतकरी लावतात. अशा रीतीने जळणाचे झाड लगद्याचे झाड झाले. आणि हा पालट घडला तो मुख्यतः मोजमापाच्या बळावर.

नमुना

परीक्षेचे मोल नमुन्याच्या मोलाहून अधिक असू शकत नाही. वृक्षाच्या बाबतीत छातीच्या उंचीवर आणि त्यावर खोडाच्या निरनिराळ्या उंचीवर चकत्या कापाव्या लागतात, कारण घनता व तंतूंची लांबी मध्यापासून सालीकडे व बुंध्यापासून शेंड्याकडे बदलत जाते. समुद्रवाऱ्याने कललेल्या झाडात आणखी एक गुंतागुंत असते. द्विदल वृक्षांत कललेल्या खोडाच्या वरच्या अंगास ताणकाष्ठ तयार होते. त्याच्या तंतूंत सेल्युलोजचा एक जाड, चिकट थर असतो. असे लाकूड लगद्याचा उतारा थोडा वाढविते, परंतु त्याचे तंतू एकमेकांस नीट बिलगत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरच्या झाडाचा नमुना घेताना झाड कोणत्या दिशेस किती कलले आहे, याची नोंद केल्याविना चकतीस अर्थ उरत नाही.

बांबूत वयाचा प्रश्न निराळा आहे. कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो व त्यानंतर जाडीत वाढत नाही. मात्र तंतूंच्या भित्ती पुढील दोन-तीन वर्षे जाड होत राहतात. त्यामुळे एकाच बेटातील एक, दोन व तीन वर्षांच्या काठ्या वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येकीचे बुंधा, मध्य व शेंडा असे भाग करावेत. आणि पेरे व कांडे यांचीही स्वतंत्र परीक्षा करावी. पेऱ्यातील तंतू आखूड व वेडेवाकडे असतात आणि त्यात द्राव लवकर शिरत नाही. न शिजलेला चोथा बहुधा तेथूनच येतो.

भौतिक मापे

सर्वांत उपयुक्त माप मूलघनतेचे. पूर्ण ओल्या स्थितीतील आकारमान पाण्याच्या विस्थापनाने काढावयाचे, नंतर तोच तुकडा १०५ अंश सेल्सियसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावयाचा आणि शुष्क वजनास ओल्या आकारमानाने भागावयाचे. पाचकात आकारमानाप्रमाणे लाकूड मावते, म्हणून घनता ही गिरणीच्या उत्पादनशक्तीची किल्ली होय. समजा, एका लाकडाची घनता घनमीटरला ६५० किलोग्रॅम व लगद्याचा उतारा ४५ टक्के आहे. दुसऱ्याची घनता ४५० व उतारा ५० टक्के आहे. उताऱ्याने दुसरे सरस दिसते. परंतु दर घनमीटर लाकडातून पहिले सुमारे २९२ किलोग्रॅम लगदा देते, तर दुसरे २२५. उलटपक्षी फार जड लाकडाच्या चिपा तोडणे कष्टाचे असते आणि त्यांत द्राव सावकाश मुरतो. सुरूचे लाकूड जड आहे, हे येथे गुण व दोष दोन्ही ठरते.

तंतूंच्या मापासाठी काडीएवढ्या ढलप्या लाकडाच्या रेषेने चिरून घ्याव्यात. आडव्या कापलेल्या चिपांतील तंतू तुटलेले असतात व लांबी खोटी कमी येते. ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या समभाग मिश्रणात सुमारे ६० अंशांवर ढलप्या पांढऱ्या होईपर्यंत ठेवल्या म्हणजे तंतू सुटे होतात. मग लांबी, व्यास, पोकळीचा व्यास व भित्तीची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

सरासरी काढतानाही सावध राहिले पाहिजे. समजा, दहा तंतूंपैकी दोन २ मिलिमीटरचे व आठ अर्ध्या मिलिमीटरचे आहेत. साधी सरासरी ०.८ मिलिमीटर येते. परंतु लांबीच्या भाराने काढलेली सरासरी १.२५ येते. कागदाचे बळ दुसऱ्या संख्येशी अधिक जुळते. बांबूच्या लगद्यात मृदूतक पेशींचा बारीक चुरा पुष्कळ असल्याने ही काळजी तेथे विशेष घ्यावी लागते.

या मापांवरून तीन गुणोत्तरे काढतात. लांबी भागिले व्यास हे सडपातळपणाचे. पोकळीचा व्यास भागिले तंतूचा व्यास गुणिले शंभर हे लवचिकपणाचे. आणि भित्तीच्या दुप्पट जाडीस पोकळीच्या व्यासाने भागले असता मिळते ते रंकेल गुणोत्तर. तंतू २० मायक्रॉन रुंद व भित्ती ५ मायक्रॉन जाड असेल तर पोकळी १० मायक्रॉन उरते आणि रंकेल गुणोत्तर १ येते. भित्ती ७ मायक्रॉनची झाली की पोकळी ६ उरते व गुणोत्तर २.३ होते. असा तंतू कागदात चपटा होत नाही, नळीसारखा राहतो व शेजाऱ्याशी कमी जोडला जातो. म्हणून १ पेक्षा कमी गुणोत्तर इष्ट मानतात. परंतु हा नियम आंधळेपणाने लावू नये. बांबूच्या तंतूची भित्ती जाड असते, तरी तो लांब व सडपातळ असल्याने त्याच्या कागदाची फाटण्यास विरोध करण्याची शक्ती चांगली असते. गुणोत्तर केवळ इशारा देते, निर्णय नव्हे.

रासायनिक मापे

लाकडाच्या भुकटीत लिग्निन, होलोसेल्युलोज, पेंटोझन, राख, उष्ण जलात विरघळणारे व अल्कोहोल-बेंझिनमध्ये विरघळणारे पदार्थ मोजतात. एक टक्का कॉस्टिक सोड्यात विरघळणारा भाग वाढला असेल तर माल कुजू लागल्याची शंका घ्यावी. गिरणीच्या आवारात पावसाळाभर पडून राहिलेल्या बांबूच्या बाबतीत ही चाचणी फार बोलकी ठरते.

बांबूचा खरा शत्रू सिलिका. ती मुख्यतः बाह्य त्वचेत असते. क्षारीय पाचनात ती सोडियम सिलिकेटच्या रूपाने काळ्या द्रावात उतरते, बाष्पकांच्या नळ्यांवर कठीण पुटे धरते आणि रसायनांच्या पुनःप्राप्तीत अडथळा आणते. लाकडात हा त्रास नगण्य असतो. भुईगावसारख्या किनाऱ्यावरील लाकडाच्या बाबतीत मात्र सालीत अडकलेली वाळू आणि क्लोराइड यांची मोजदाद अवश्य करावी. क्लोराइड साचत गेले की पुनःप्राप्ति-बाष्पित्रातील राख कमी उष्णतेवर वितळू लागते, नळ्यांवर चिकटते व धातू झिजविते.

पाचन व तुलना

अखेरची परीक्षा प्रयोगशाळेतील पाचकात होते. कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात चिपा साधारणतः १६५ ते १७० अंशांवर शिजवितात. काळ व उष्णता यांचा एकत्रित परिणाम व्रूमने १९५७ साली मांडलेल्या एच-अंकाने व्यक्त करतात. मिळालेल्या लगद्यात किती लिग्निन शिल्लक आहे हे कॅपा अंक सांगतो; क्राफ्ट लगद्यात त्याला ०.१५ ने गुणले असता लिग्निनचे स्थूल शेकडा प्रमाण मिळते. म्हणजे २० कॅपाच्या लगद्यात सुमारे ३ टक्के लिग्निन असते.

विद्यार्थ्यांची फसगत येथेच होते. एका लाकडाचा उतारा ३० कॅपाला ४९ टक्के व दुसऱ्याचा १८ कॅपाला ४६ टक्के असेल, तर पहिले श्रेष्ठ असे म्हणता येत नाही; ते केवळ कमी शिजले आहे. तुलना समान कॅपावरच केली पाहिजे, आणि त्यासाठी लागलेला क्षार व गाळणीवर उरलेला चोथाही सांगितला पाहिजे. त्याचप्रमाणे हातकागदाची बळे समान मुक्ततेपर्यंत कुटलेल्या लगद्यांचीच ताडून पाहावीत.

परीक्षेचा अर्थ कोणासाठी?

ही मापे केवळ गिरणीच्या उपयोगाची आहेत असे समजण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेस २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तिच्या हाती आला. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. विकणारा बदलला, तसा ज्ञानाचा अधिकारही बदलावयास हवा. ४५ टक्के ओलाव्याच्या एक टन मालात ५५० किलोग्रॅम शुष्क द्रव्य असते. १० टक्के ओलाव्याच्या टनात ९००. उतारा ४६ टक्के धरला तर पहिल्यातून २५३ व दुसऱ्यातून ४१४ किलोग्रॅम लगदा निघेल. दोहोंस एकच भाव मिळत असेल, तर वाळविण्याचे श्रम करणाऱ्याचे नुकसान होते. ओलावा मोजण्यास एक भट्टी व एक तराजू पुरे.

भुईगावच्या सुरूविषयी याच न्यायाने बोलावयास हवे. मापे असे सांगतील की हे लाकूड आखूड तंतूच्या लगद्यास योग्य आहे व बांबूच्या लांब तंतूत मिसळल्यास लिहिण्या-छापण्याच्या कागदास उपयोगी पडेल. परंतु किनाऱ्यावरील ही बने वाळू धरून ठेवतात आणि मागच्या वाड्यांवर येणारा खारा वारा अडवितात. ते मूल्य पाचकात मोजले जात नाही. म्हणून परीक्षणाच्या अहवालात दोन निष्कर्ष वेगवेगळे लिहावेत : माल योग्य आहे काय, आणि तो तोडण्याजोगा आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येते असे नाही. सुरूचा लगदा हवा असेल तर तो शेतातील लागवडीतून घ्यावा. किनाऱ्यावरील बनातून प्रयोगशाळेस नमुन्यापुरते, वाऱ्याने उन्मळून पडलेले झाड पुरेसे आहे.