बंदीतल्या पक्षाचा प्रचार

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली ती पक्ष रीतसर स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर 1938 मध्ये. निजामाच्या त्रेपन्न नंबरच्या गश्तीमुळे, म्हणजे परिपत्रकामुळे, परवानगीवाचून सभा घेण्याची सोय तशीही नव्हती. मग नांदेड-लातूरकडच्या कार्यकर्त्याने लोकांपुढे जायचे कसे?

वाट निजामाच्या राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेने काढली होती. 1937 ला परतूर, पुढच्या वर्षी लातूर, 1941 ला उमरी अशी तिची अधिवेशने भरली. ठराव शिक्षणाचे, नागरी हक्कांचे. पण त्या निमित्ताने गावोगावची माणसे एकमेकांना ओळखू लागली. दुसरी वाट शाळेची. स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाईला शिक्षक होते, आणि त्यांचे विद्यार्थी पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. मला वाटते, मराठवाड्यात हा पक्ष व्यासपीठापेक्षा वर्गात जास्त वाढला.

ऑक्टोबर 1938 मधला पक्षाचा सत्याग्रह दोनच महिन्यांत थांबवावा लागला. बंदी उठली ती 1946 च्या जुलैत. त्याच वर्षी ऑक्टोबरात बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ पक्षाचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. गावोगाव फिरून लोकांना जागे करणे, एवढाच त्यांचा गुन्हा.

7 ऑगस्ट 1947 पासून, हैदराबाद भारतात सामील करण्याचा लढा सुरू झाल्यावर, मात्र प्रचाराचे रूपच पालटले. शिंदीची झाडे तोडायची, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळायचे, लेव्हीचे म्हणजे सक्तीच्या वसुलीचे धान्य द्यायचे नाही. भाषणापेक्षा हे शेतकऱ्याला चटकन समजले, कारण शिंदी, नाका आणि लेव्ही तिन्ही त्याच्या रोजच्या जाचातली होती. स्वामीजी 15 ऑगस्टला पकडले गेले, तरी काम थांबले नाही. नांदेडकडची तरुण मंडळी निजामाच्या हद्दीपलीकडे उमरखेडच्या शिबिरात जमली. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली गेली. वीस लाखांहून जास्त रक्कम हाती आली, ती लढ्याला लागली आणि तिचा हिशेबही ठेवला गेला. 17 सप्टेंबरला निजामाचे राज्य संपले.

पुढाऱ्यांची नावे रस्त्यांना, महाविद्यालयांना, नांदेडच्या विद्यापीठाला मिळाली. रात्री कुऱ्हाड घेऊन शिंदीच्या बनात शिरलेल्यांची, शिबिरासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायांची नावे फारशी कुठे सापडत नाहीत. तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत त्या काळचे एखादे पत्रक, तुरुंगाचा दाखला, शिबिरातली चिठ्ठी असेल, तर ती रद्दीत घालू नका. तिची एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा.