नवे औषध : मागण्याचा हक्क आणि मिळण्याची वाट

‘डॉक्टर, परदेशात नवीन औषध निघालंय म्हणे. आमच्या पेशंटला मिळेल का?’ गंभीर आजारी माणसाचे नातेवाईक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. याबाबत कायदा काय सांगतो, ते पाहू.

अमेरिकेत ३० मे २०१८ रोजी ‘राइट टू ट्राय’ हा कायदा झाला. जीवघेणा आजार आहे, मान्य उपचार संपले आहेत आणि औषधाच्या चाचणीत भाग घेणे शक्य नाही, अशा रुग्णाला पहिल्या टप्प्याची चाचणी पार पडलेले औषध सरकारी औषध खात्याच्या परवानगीवाचून मागता येते. मात्र कंपनीने ते दिलेच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणजे हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे.

आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्यांच्या नियमांत वेगळी वाट आहे. परदेशात मान्य, पण भारतात अजून मान्यता नसलेले औषध जीवघेण्या आजाराच्या रुग्णासाठी सरकारी रुग्णालयाला आयात करता येते. त्यासाठी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने केंद्रीय औषध नियंत्रकाकडे अर्ज करावा लागतो. स्वतःच्या वापरापुरते थोडे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवाना काढून मागवण्याचीही सोय आहे.

पण कागदावरची वाट रुग्णाला वेळेत सापडते का? बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाचे उदाहरण घ्या. अमेरिकेने त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता दिली. भारतात ते २०१६ मध्ये मुंबईसह मोजक्या शहरांतील सहा रुग्णालयांतच मिळू लागले. औषधांना दाद न देणारा क्षय झालेल्या बिहारमधील एका तरुणीला, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून, ते नाकारले गेले. वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१७ मध्ये औषध देण्याचे मान्य झाले, पण फार उशीर झाला होता. २०१८ मध्ये ती दगावली.

सरकारची सावधगिरी मात्र अगदीच निराधार नव्हती. एका चाचणीत हे औषध घेतलेल्या ७९ जणांपैकी १० जण दगावले, न घेतलेल्या ८१ पैकी २. हे मृत्यू औषधामुळेच झाले, असे सिद्ध झाले नाही. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अशा क्षयावरील पहिल्या श्रेणीच्या औषधांत स्थान दिले. नव्या औषधाबाबत घाई आणि विलंब, दोन्हींची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

म्हणून वाचकांनी डॉक्टरांना वेळीच विचारावे : औषध कोठे मान्य आहे? चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे? आमचा रुग्ण तीत बसतो का? खर्च कोण करणार? चाचणीतल्या औषधाचे कोणी पैसे मागितल्यास रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे चौकशी करावी. आणि हे प्रश्न रुग्णाच्या अंगात प्रवासाचे बळ आहे तोवरच विचारावेत. परवानगीच्या कागदाला वेळ लागतो, आजार मात्र थांबत नाही.