गाण्याचं सीझन तिकीट आणि आपण

डिसेंबर लागला की पुण्यात 'सवाई'ची चर्चा सुरू होते. कोण गाणार, सीझन तिकीट काढायचं की एकाच दिवसाचं, खुर्ची घ्यायची की भारतीय बैठक! भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये पंडितजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. रमणबागेतून तो आता मुकुंदनगरला गेलाय, पण गर्दी तीच.

मैत्रिणींनो, लोणंदहून पुणं काही लांब नाही. पण पाच दिवसांचं सीझन तिकीट काढून संध्याकाळभर गाणं ऐकत बसणं आपल्यापैकी कितीजणींना जमेल? कार्यक्रम संपेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. मग परत यायचं कसं, मुलांचा डबा, सासऱ्यांची औषधं... आणि "गाण्याला एवढे पैसे?" हा प्रश्न तर घरात ठरलेलाच. लग्नातल्या बँडला मात्र तो कुणी विचारत नाही!

तिकिटाचा आणि बायकांचा संबंध मात्र जुना आहे. आपल्या गावावरून जाणारी रेल्वे जिथे पोचते, त्या मिरजेत १९०५ साली हिराबाई बडोदेकर जन्मल्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ही लेक. त्या काळी बाईचं गाणं म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली खासगी मैफल. आमंत्रण असेल त्यानंच जायचं, घरंदाज बाईनं तर नाहीच. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. गाणाऱ्या बाईला त्यामुळे मान मिळाला, हे सगळे सांगतात. मला दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. तिकीट म्हणजे ज्याने पैसे दिले त्याची जागा. मग ऐकणारी बाईसुद्धा उजळ माथ्यानं येऊन बसू शकली. पुढे हिराबाईंकडे आणि त्यांचे भाऊ सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकलेल्या प्रभाताई अत्रे याच 'सवाई'त अनेक वर्षं गायल्या. २०२४च्या जानेवारीत त्या गेल्या.

फुकट ऐकायचं असेल तर आपल्या जिल्ह्यातच औंध आहे. अंतूबुवा जोशींनी १९४० साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव अजून चालू आहे, दिवाळीच्या सुमाराला असतो. मिरजेला दर्ग्याच्या उरुसातही खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. पण तिथेही रात्र आणि प्रवास आलाच.

मग गाणंच इकडे आणलं तर? वर्गणी आधी जमा झाली की संयोजकाला कलाकाराला शब्द देता येतो, हॉल, माईक, तंबोरे ठरवता येतात. सीझन तिकिटाचं इंगित हेच. आणि आधी पैसे गोळा करण्यात आपल्या भिशीचा हात कोण धरणार? शंभरजणींनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाचे साठ हजार होतात. त्यात नामांकित गायक येणार नाही, हे उघड आहे. पण संगीतात एम.ए. करून क्लास घेणाऱ्या तरुण मुली कितीतरी आहेत, त्यांना ऐकणारं माणूस हवं असतं. तबला-पेटीसकट वर्षाला तीन बैठकी व्हायला हरकत नाही. वेळ दुपारी दोन ते साडेचार, बाजाराचा दिवस सोडून. शाळेचा हॉल चालेल, सतरंज्या आपल्याच.

माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला असते तेव्हा भजनाला रात्र-रात्र बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. "आम्हाला शास्त्रीयातलं काय कळतंय?" असं त्याच म्हणतात, याचं मला नवल वाटतं. तालात एक टाळी चुकली तर त्यांच्या कपाळाला आठी पडते!

वही केली आहे. एकवीस नावं आली. दोघींनी विचारलंय, सासूबाईंना घेऊन आलं तर चालेल का? त्यांची वर्गणी वेगळी घ्यायची की जोडीची सवलत द्यायची, ते येत्या भिशीला ठरवू.